पाहिलं, ऐकलं, वाटलं

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि तिथे येणारी निम्मी माणसं खोटं बोलतात. मुद्दाम नाही बोलत. समोरच्या फळ्यावर अक्षरं वरून खाली बारीक होत जातात. वरची ओळ लोक फडाफड वाचतात, मधलीला अडखळतात आणि खालच्या ओळीला आले की सगळं अंदाजपंचे सुरू. काही महाभाग तर बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या आधीच्या गिऱ्हाइकाचं ऐकून फळा पाठ करतात आणि आत येऊन घडाघडा म्हणून दाखवतात, जणू मी बक्षीस देणार आहे. मग माझा आवाज चढतो. "दिसतंय ते सांगा. वाटतंय ते नको. आणि बाहेर ऐकलेलं तर मुळीच नको!"

हे वाक्य मी उभ्या आयुष्यात इतक्यांदा बोललोय की झोपेतसुद्धा बोलतो, असं आमची ही म्हणते.

ही म्हणजे माझी बायको. लग्न झालं तेव्हा घरात टेबल नव्हतं, म्हणून ती दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहायची. अद्भुत कादंबऱ्या लिहिते ती. चालणारे डोंगर, रुसणारे पूल, गुहेत युगानुयुगं झोपलेले राक्षस. गल्लीत तिला राक्षसबाई म्हणतात आणि तिला त्याचा कोण अभिमान! तिच्या सगळ्या पुस्तकांत टेहळ्यांची एक जमात आहे. राज्याच्या हद्दीपलीकडे एकट्याने जायचं, पाहायचं आणि परत येऊन राजाला सांगायचं, एवढंच त्यांचं काम. पण सांगण्याचा नियम कडक. आधी पाहिलेलं सांगायचं, मग ऐकलेलं, शेवटी वाटलेलं, आणि एकाची सरमिसळ दुसऱ्यात करायची नाही. जो टेहळ्या वाटलेलं पाहिलं म्हणून सांगेल, त्याची जीभ दगडाची होते. राजाला सल्ला द्यायचा नाही. राजानेही सगळं ऐकून घेऊन दोनच गोष्टींपैकी एक म्हणायची: "जा, पाहून ये," नाहीतर "बस, दमलास."

आता हा नियम कुठून आला, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मुलाखतीत कुणी विचारलं की ही डोळे मिटून म्हणते, "सुचलं." भिंतीपलीकडे नवरा दिवसभर घसा फोडत होता, आणि हिला सुचलं!

आमची लेक त्याच मागच्या खोलीत लहानाची मोठी झाली. शाळेतून भांडून आली की आई विचारायची, "तिने तुझी पेन्सिल घेतली हे पाहिलंस, ऐकलंस की वाटलं?" लेक गाल फुगवून बराच वेळ उभी राहायची आणि मग पुटपुटायची, "वाटलं." तिथे भांडण संपायचं. तीच लेक आज अंतराळ खात्यात आहे. चंद्रावर फिरणारी जी सहा चाकांची गाडी आहे, तिची बुद्धी आमच्या लेकीने घडवली. गाडी कुणी इथून हाकत नाही. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, काय खरवडायचं ते तिचं तीच ठरवते, आणि दिवसाकाठी काय झालं ते साध्या माणसाला कळेल अशा बोलीत सांगते. ती बोली शिकवायला लेकीला असं लिखाण हवं होतं, ज्यात कुणीतरी अनोळखी मुलुखात एकटं चालतंय आणि जे आहे तेवढंच सांगतंय. तिने आईची सगळी पुस्तकं गाडीला वाचायला घातली. गाडीला सगळे टेहळ्या म्हणायला लागले ते तेव्हापासून.

म्हणजे बघा, माझं ओरडणं हिच्या पुस्तकात गेलं, तिथून लेकीच्या डोक्यात, आणि तिथून थेट चंद्रावर. माझी मान ताठ व्हायला आणखी काय पाहिजे? दुकानात येईल त्याला मी हे सांगतो. ज्यांना घाई आहे त्यांना थोडक्यात सांगतो.

पण मधे एकदा ताठ मान खाली घालायची पाळी आली. टेहळ्या फिरत फिरत एका मोठ्या विवराच्या तोंडाशी पोचला. आत खोल गुहा. त्या संध्याकाळी त्याने निरोप पाठवला आणि खात्याने नेहमीसारखा तो सगळ्यांना ऐकवला. "पाहिलं: खड्डा. तळ दिसत नाही. ऐकलं: काही नाही. वाटलं: आत कुणीतरी झोपलंय. तोंडाशी ऊब आहे."

झालं! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना सुगीच आली. चंद्रावर राक्षस झोपला. गाडीला ताप आला. राक्षसबाईंच्या जावयाचा शोध लागला. खरं तर बाहेर सगळं गोठलेलं असताना गुहेच्या तोंडाशी मात्र ऊब होती, ही शास्त्रज्ञांनी नाचावं अशी बातमी. पण ती ऊब टेहळ्याने हिच्या पुस्तकातल्या भाषेत सांगितली, आणि हिच्या पुस्तकात उबदार गुहेत राक्षस असतोच. एक गिऱ्हाईक डोळ्यावर तपासणीची चौकट असताना मला विचारतं, "काय हो, घोरतोय का तो?" मी त्याच्या डोळ्यापुढे सगळ्यात जाड भिंग सरकवलं आणि म्हटलं, "आता बघा, दिसतोय का."

हसण्यावारी जाण्यासारखं मात्र ते नव्हतं. टेहळ्याने गुहेत उतरायचं की तिथेच त्याचं काम थांबवायचं, याचा निर्णय नागरिक सभा घेणार होती. चिठ्ठ्या टाकून निवडलेली साधी माणसं, आपल्यासारखी. त्यांनी नको म्हटलं की टेहळ्या गुहेच्या तोंडाशी बंद करून ठेवायचा, कायमचा. आणि लोकांचं मन तर आधीच उडालेलं. खात्याच्या प्रसिद्धी विभागाने दुसरं एक बोलकं यंत्र आणून रोज गोडगोड मजकूर पाडायला सुरुवात केली होती, 'आपली स्वप्नं, आपलं आकाश' छापाचा. तो वाचून ज्यांना चंद्राचं कौतुक होतं, त्यांनाही जांभया यायला लागल्या होत्या.

सभेच्या आधीच्या रविवारी लेक जेवायला आली. ताटात नुसती बोटं फिरवत होती. मग एकदाची बोलली.

"आई, टेहळ्याच्या एका मोजमापात पाण्याची चाहूल आहे. असेल किंवा नसेल. तो म्हणतो, वाटलं. आमच्या बाई म्हणाल्या, सभेपुरतं ते 'पाहिलं'मध्ये टाक. एक खूण बदलायची, बस. पाणी पाहिलं म्हटलं की मत मिळणार. म्हणाल्या, मी तुला विचारणार नाही, तुझं तू ठरव."

तिच्या या वरिष्ठ बाईंबद्दल माझं वाईट मत नाही. चांगल्या आहेत. त्यांची अर्धी उमर त्या गाडीत गेली होती, आणि बुडणाऱ्या माणसाने हात कुठे टाकला याचा हिशेब कोण मागतो? मला धक्का बसला तो पुढच्या वाक्याने.

"मग बदल," आमची ही म्हणाली.

लेकीने मान वर केली. "काय म्हणालीस?"

"बदल म्हणाले. एका शब्दाने काय आकाश कोसळतंय? आत गेला की पाहीलच ना तो. तुझी सगळी वर्षं त्यात गेलीत. तू रात्री घरी न जाता तिथे खुर्चीत झोपतेस, ते मला दिसतं. ती पेपरवाली माणसं तुला हसतात माझ्यामुळे. माझ्या राक्षसांमुळे तुझं काम बुडालं तर मी काय करू, सांग!" तिचा आवाज फाटला. एवढी मोठी लेखिका, पण त्या क्षणी ती फक्त आई होती.

लहान मुलीसारखं लेकीने विचारलं, "आई, जीभ दगडाची होते ना गं?"

"पुस्तकात," ही म्हणाली.

लेक पाणी प्यायली, तिने हात धुतले, पिशवी उचलली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. काय ठरवलं, ते बोलली नाही. दार लागल्यावर हिने भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. तिने चुकीचं सांगितलं हे मला कळत होतं, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं, हेही कळत होतं.

सभा एका जुन्या मोठ्या सभागृहात होती. खुर्च्या करकरत होत्या, ध्वनिक्षेपक मधेच शिट्टी मारत होता. आम्ही दोघं वरच्या सज्जात प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत. मला नव्या जागी गेलं की माणसांआधी चष्मे दिसतात. अध्यक्षांची चौकट डावीकडे कलली होती, त्यांना सगळं जग उतारावर दिसत असणार. खाली सभासदांच्या पुढच्या रांगेत एक धिप्पाड गृहस्थ बसले होते, त्यांच्या चष्म्याची काडी तारेने बांधलेली. ते नळदुरुस्तीचं काम करायचे, हे त्यांनीच उठून सांगितलं.

लेक खाली व्यासपीठावर, शेजारी तिच्या बाई. आधी बाई बोलल्या, मग आकडे झाले, तक्ते झाले. सभासद चुळबुळ करायला लागले. तेव्हा नळवाल्यांनी हात वर केला.

"मी रोज लोकांचे कोरडे नळ उघडून बघतो," ते म्हणाले. "आमच्या भागात पाणी येत नाही आणि तुम्ही चंद्रावर पाणी शोधताय. बरं, शोधा. मला आकडे नकोत. त्या गाडीलाच विचारतो, सरळ. चालेल का?"

लेकीने मान हलवली आणि तारा जुळल्या. नळवाले ध्वनिक्षेपकावर वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडले, "पाणी आहे का रे तिथे?"

चंद्रापर्यंत प्रश्न जायला आणि उत्तर यायला थोडा वेळ लागतो. फार नाही, दोन श्वासांचा. मी लेकीकडे बघितलं. तिचा चेहरा वाचता येईना. हिने माझा दंड धरला होता आणि नखं रुतत होती.

"पाहिलं: काळोख," टेहळ्या म्हणाला. बाईचाही नाही, पुरुषाचाही नाही, असा त्याचा संथ आवाज. "पाहिलं: दगड, धूळ. पाणी पाहिलेलं नाही. ऐकलं: काही नाही. वाटलं: आत पाणी असावं. हे फक्त वाटलं आहे. यावर विसंबू नका."

बाईंनी डोळे मिटून घेतले. आणि माझी लेक, माझी लेक ताठ बसली होती. गाल फुगवून "वाटलं" म्हणणारी ती पोर मला तिथे स्पष्ट दिसली, आणि माझा ऊर असा भरून आला की सज्जातून ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी आहे म्हणून! एका शब्दाने तिला सगळं मिळत होतं. तो शब्द तिने उचलला नाही. शेजारी हिची नखं सैल झाली. तिने पदराने तोंड झाकलं.

नळवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग आम्ही तुला आत का पाठवायचं?"

पुन्हा दोन श्वास.

"ते मी सांगू शकत नाही. टेहळ्या राजाला सल्ला देत नाही."

"राजा?" अध्यक्ष कललेल्या चष्म्यातून इकडेतिकडे बघत म्हणाले. "राजा कोण इथे?" थोडा हशा पिकला. तो प्रश्नही चंद्रावर गेला होता.

"तुम्ही सगळे," उत्तर आलं. "तुम्ही पाठवलंत म्हणून मी इथे आहे."

हशा थांबला. नळवाले उभेच होते. आता ते गाडीशी नाही, सभेशी बोलत होते.

"आमच्या भागाच्या साहेबांना मी दर वेळी विचारतो, पाणी कधी येणार? ते म्हणतात, येणारच! छातीठोक म्हणतात. आजवर मला असा एक भेटला नाही, जो म्हणेल की बाबा, मी बघितलेलं नाही, नुसतं वाटतंय. गरज होती तरी खोटं बोलला नाही हा. एक हो म्हणाला असता तर आपण सगळे भुललो असतो की नाही, सांगा! आता असा टेहळ्या आपल्याकडे एकच आहे, आणि त्याला आपण दारातच बसवून ठेवायचं म्हणता?" ते जरा घुटमळले. मग मोठ्या माणसाने लाजावं तसे लाजले. "माझ्या पोरीला ती राक्षसांची पुस्तकं मीच वाचून दाखवलीत. मला माहीत आहे, इथे काय म्हणायचं असतं."

ते ध्वनिक्षेपकावर वाकले, पण या वेळी ओरडले नाहीत.

"जा रे. पाहून ये."

प्रेक्षकांतून कुणीतरी मागोमाग म्हणालं, मग आणखी दोघं-चौघं. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटून शांतता मागितली, एक गृहस्थ 'हा काय पोरखेळ आहे' म्हणून तणतणत बाहेर गेले. मग रीतसर मतदान झालं. एकमत वगैरे काही झालं नाही, विरोधात बरेच हात वर आले. पण बाजूने त्याहून जास्त आले. हात मोजणं चालू होतं तेव्हा लेकीने पहिल्यांदा वर सज्जाकडे बघितलं. ती आम्हाला शोधत होती. मी उभा राहून दोन्ही हात हलवले. शेजारच्या माणसाने मला खाली बसायला सांगितलं, मी बसलो नाही.

टेहळ्या गुहेत उतरला, आणि आत गेल्यावर त्याचा संपर्क तुटला. तुटणारच होता, ते ठरलेलंच होतं. खडकातून आवाज बाहेर येत नाही. आत पाहून तो पुन्हा तोंडाशी येईल तेव्हा बोलेल, आणि आला नाही तर नाही. ते दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. ही लिहायला बसायची आणि कोरा कागद घेऊन उठायची. लेकीचे फोन यायचे, पण 'जेवलात का' याच्या पुढे गाडी सरकायची नाही.

मग एका सकाळी मी एका आजीबाईंना फळा वाचायला लावला होता आणि ही मागच्या खोलीत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, आई आहे का जवळ? आवाज मोठा करा. आला तो बाहेर. सगळ्यांना दुपारी ऐकवणार आहोत, तुम्ही आधी ऐका."

मी फोन काउंटरवर ठेवला. ही धावत बाहेर आली. आजीबाई तपासणीची चौकट नाकावर तशीच ठेवून कान टवकारून बसल्या.

"पाहिलं: भिंत. भिंतीवर पांढरा थर. खरवडला. तापवला. वाफ झाली." मधे खरखर. "पाहिलं: पाणी. चमचाभर. ऐकलं: काही नाही. आधी वाटलं होतं, आत कुणीतरी झोपलंय. शेवटपर्यंत जाऊन पाहिलं. कुणी नाही. ते वाटलेलं चुकलं."

आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. फोनमधून लेकीचा आवाज आला, रडतेय की हसतेय ते कळेना, "आई, ऐकलंस? चुकलं म्हणाला! स्वतःहून! कुणी विचारलं नव्हतं त्याला!"

"ऐकलं," ही म्हणाली. तिने फोन जवळ ओढला. मग एकदम म्हणाली, "मी तुला बदल म्हणाले होते गं."

"हो, पण ते तू पुस्तकाबाहेर म्हणाली होतीस," लेक म्हणाली. "मी पुस्तकातल्या आईचं ऐकलं. ठेवते, इथे सगळे नाचतायत."

फोन बंद झाला. मी आजीबाईंना चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि दारापर्यंत पोचवलं. परत आलो तर ही गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेली.

"माझे डोळे तपासा हो," ती म्हणाली. "फार धूसर दिसतंय. नंबर वाढला असणार."

मी तिच्या डोळ्यांवर चौकट ठेवली. भिंग घातलं. "वाच."

"नाही दिसत."

दुसरं घातलं. "आता?"

"नाही. पण मला फळा पाठ आहे. म्हणून दाखवू?"

"मुळीच नको," मी म्हणालो. "दिसतंय ते सांग."

तिने मान माझ्याकडे वळवली. चौकटीच्या खालून पाणी गालावर उतरत होतं. "हे वाक्य मला सुचलेलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमचं आहे. मी भिंतीपलीकडून उचललं."

"माहीत आहे."

"चंद्रावर गेलं हो तुमचं वाक्य. आणि माझ्या लेकीने ते मोडू दिलं नाही. मी मोडत होते, तिने नाही मोडू दिलं."

मला काहीतरी टोमणा मारायचा होता. इतकी वर्षं तयार करून ठेवलेला चांगला टोमणा होता. तो मी तसाच ठेवला. मी भिंगं डब्यात ठेवायला गेलो तर खाचा सापडेनात. एवढ्यात दाराशी एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि विचारू लागलं, डोळे तपासायला बसू का?

"थोडं थांबा," मी म्हणालो. "आत्ता मलाच काही दिसत नाहीये."